घर सोडताना डिपॉझिट: किती कापायचं, कधी द्यायचं

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात रत्नागिरी, चिपळूण, कणकवली, कुडाळ, कुठल्याही गावात रस्त्यावर उभं राहा, सामानाने भरलेले छोटे टेम्पो जाताना दिसतात. दोरीने आवळलेल्या गाद्या, त्यावर उलटी ठेवलेली खुर्ची, ड्रायव्हरशेजारी बसलेल्या बाईच्या मांडीवर तुळशीची कुंडी. बदल्यांचे आदेश निघालेले असतात. शिक्षक, ग्रामसेवक, नर्स, बँकेतली माणसं एका गावाहून दुसऱ्या गावी निघालेली असतात आणि पाऊस लागायच्या आत नव्या घरात सामान लावायची सगळ्यांनाच घाई असते. ह्याच दिवसांत मला फोन येतात. प्रश्न एकच असतो: "ताई, घर रिकामं करून दिलं, पण मालक डिपॉझिट द्यायला तयार नाहीत. काय करायचं?"

मला विचारतात, कारण बँकेच्या नोकरीत मी स्वतः चार गावांत भाड्याने राहिले आणि सावंतवाडीचं आमचं जुनं घर गेली काही वर्षं भाड्याने देते. ह्या वादात मी दोन्ही बाजूंना उभी राहिले आहे. डिपॉझिट अडकलं की भाडेकरूची झोप कशी उडते ते मला माहीत आहे, कारण पुढच्या घराचं डिपॉझिट त्याच पैशांतून भरायचं असतं. आणि कुलूप उघडल्यावर फुटलेलं सिंक दिसलं की मालकाच्या पोटात कसा गोळा येतो, तेही माहीत आहे. म्हणून हे सगळं एकदा नीट, पायापासून सांगते.

मंडळाची भांडी

आपल्याकडे बहुतेक वाडीत मंडळाची भांडी असतात. मोठे टोप, पराती, डाव, झारे, शे-दीडशे ताटं. कुणाकडे लग्नकार्य निघालं की मंडळाचा माणूस वही काढतो, एकेक वस्तू मोजून लिहितो, अनामत रक्कम घेतो आणि भांडी देतो. कार्य उरकलं की तीच वही उघडून भांडी परत मोजतो. दोन ताटं कमी भरली तर दोन ताटांची किंमत कापून बाकीचे पैसे हातावर ठेवतो. टोपाचा तळ चुलीवर काळा झाला म्हणून कुणी पैसे कापत नाही, कारण टोप चुलीवर चढवायलाच नेला होता.

घराचं डिपॉझिट ह्याहून वेगळं काही नाही. ते पैसे भाडेकरूचे असतात, मालकाकडे नुसते ठेवलेले असतात. भाडं, बिल किंवा नुकसानभरपाई थकली तर त्यातून वळती करून घ्यायची, एवढ्यापुरताच मालकाचा त्यांच्यावर हात. मुंबईतली पागडी, म्हणजे घरात शिरताना मालकाला एकरकमी दिलेले पैसे, ही निराळी गोष्ट, तिचा इथे संबंध नाही. इथे आपण फक्त परत करायच्या रकमेबद्दल बोलतोय.

गंमत अशी की मंडळाच्या भांड्यांवरून भांडणं क्वचित होतात आणि घरावरून नेहमी होतात. दोन्हीकडे माणसं तीच. फरक त्या वहीचा आहे.

करार कुठला आणि तो नोंदवलाय का

महाराष्ट्रात आज बहुतेक घरं "लिव्ह अँड लायसन्स" करारावर दिली जातात. लायसन्स म्हणजे परवाना. घरावर कुठलाही हक्क निर्माण न करता ठरलेल्या मुदतीपुरतं वापरायची मालकाने दिलेली परवानगी. भारतीय सुखाधिकार अधिनियम, १८८२ च्या कलम ५२ मध्ये ही व्याख्या आहे. भाडेपट्टा ह्याहून वेगळा, त्यात घराच्या वापराचा हक्कच ठरावीक काळासाठी भाडेकरूकडे जातो. कागदावर काय आहे ते तपासून घ्या. रोजच्या बोलण्यात आपण दोघांनाही भाडेकरूच म्हणतो, मीही पुढे तसंच म्हणणार आहे.

आता एक गैरसमज. "अकरा महिन्यांचाच करार आहे, नोंदणीची गरज नाही," हे मी इस्टेट एजंटांच्या तोंडूनही ऐकलं आहे. एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी लागते, हा जुना नियम लोकांच्या डोक्यात बसला आहे. पण महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा कायदा ३१ मार्च २००० पासून लागू आहे आणि त्याच्या कलम ५५ नुसार लिव्ह अँड लायसन्स असो वा भाडेकरार, तो लेखी असलाच पाहिजे आणि नोंदवलाच पाहिजे. मुदत किती का असेना. नोंदवायची जबाबदारी मालकाची. ती टाळली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

त्याच कलमात आणखी एक गोष्ट आहे, ती भाडेकरूंनी लक्षात ठेवण्यासारखी. लेखी, नोंदणीकृत करार नसेल तर अटी काय ठरल्या होत्या ह्याबद्दल भाडेकरू जे सांगेल ते खरं धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. म्हणजे नोंदणी चुकवणारा मालक स्वतःचाच पाय कापून घेतो. उद्या वाद झाला तर "रंगाचे पैसे कापायचं ठरलं होतं" हे त्यालाच सिद्ध करावं लागणार.

हे टाळायला लोक कारण देतात खर्चाचं. हिशोब करून बघा. भाडं महिना ८,०००, डिपॉझिट ४०,०००, मुदत ११ महिने. भाड्याचे झाले ८८,०००. परत करायच्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के दराने व्याज धरतात, ते साधारण ३,६६७. बेरजेवर मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के, म्हणजे २३० रुपयांच्या आसपास. नोंदणी फी ग्रामपंचायत हद्दीत ५०० आणि नगरपरिषद हद्दीत १,०००. त्यावर किरकोळ हाताळणी खर्च. चाळीस हजारांच्या रकमेचं संरक्षण एवढ्या पैशांत होतं.

डिपॉझिट किती घ्यावं, ह्याला आपल्या राज्यात कायद्याची मर्यादा नाही. केंद्र सरकारने जून २०२१ मध्ये आदर्श भाडेकरू कायदा मंजूर केला. त्यात राहत्या घरासाठी जास्तीत जास्त दोन महिन्यांचं भाडं आणि इतर जागांसाठी सहा महिन्यांचं, अशी मर्यादा आहे, आणि घराचा ताबा घेताना कापण्यासारखं कापून उरलेली रक्कम तेव्हाच परत द्यावी असंही म्हटलं आहे. पण तो नावाप्रमाणेच नमुना आहे. राज्याने तसा कायदा केल्याखेरीज तो आपोआप लागू होत नाही. म्हणून "मोदी सरकारचा कायदा आहे, दोनच महिन्यांचं घ्या" असं सांगून उपयोग होणार नाही. आपला आधार आपला करार.

आणि करारात परताव्याची तारीख लिहिलेली हवी. "करार संपल्यावर डिपॉझिट परत केले जाईल" हे वाक्य अपुरं आहे. "रिकाम्या घराचा ताबा देताना त्याच वेळी" असं लिहिलं की पुढची अर्धी कटकट मिटते.

झीज आणि नुकसान

खरं भांडण इथे आहे, म्हणून इथे जरा थांबू.

भाडेपट्ट्यासाठी मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम १०८ मध्ये नियम दिला आहे: भाडेकरूने घर जसं घेतलं तशाच चांगल्या स्थितीत परत द्यावं, मात्र वाजवी वापराने झालेली झीज आणि आवरता न येणाऱ्या शक्तीमुळे झालेले बदल सोडून. लिव्ह अँड लायसन्सच्या करारांतही "नैसर्गिक झीज वगळून" असे शब्द सहसा असतात. म्हणजे मोजमाप तेच.

वाजवी झीज म्हणजे टोपाचा काळा तळ. नळाचे वॉशर झिजले, दाराची कडी सैल झाली, भिंतीचा रंग फिका पडला, फरशीची चकाकी गेली, तर ते राहण्यातून होणारच. नुकसान म्हणजे हरवलेलं ताट. वरवंटा पडून ओट्याची कडप्पा फुटली, टीव्ही लावताना टाईल तडकली, मुलाने खिडकीची काच फोडली, गरम कुकर ठेवून सनमायका जळला. ह्याचे पैसे भाडेकरूने दिलेच पाहिजेत, आणि कुरकुर न करता.

पण कोकणात ह्या दोघांच्या मधे पाऊस येतो. आणि समुद्र. मालवणला किनाऱ्यालगतच्या घरात खिडकीच्या गजांना वर्षभरात गंज चढतो, फ्रिजची मागची जाळी खाऱ्या हवेने खाल्ली जाते. जांभा दगड सच्छिद्र, त्यामुळे बाहेरून गिलावा नसलेल्या चिऱ्याच्या भिंती पावसाळ्यात पाणी पितात. जोत्यातून ओल वर चढते. एक साधी गोष्ट बघा: अकरा महिन्यांचा करार कुठल्याही तारखेला सुरू करा, जून ते सप्टेंबर ह्या चार महिन्यांतले किमान तीन त्यात येतातच. म्हणजे कोकणातला प्रत्येक भाडेकरू पावसाळा अंगावर घेऊनच बाहेर पडतो. आमच्याकडच्या एका भाडेकरणीच्या सासूबाई म्हणाल्या होत्या ते मला पटलं: "पावसात घराक वल येतलीच, ती काय आमी हाडली?"

माझ्यावरच गुदरलेला प्रसंग सांगते. रत्नागिरीत एका चिऱ्याच्या घराच्या मागच्या भागात राहत होते. जानेवारीत आत गेले, नोव्हेंबरअखेर सोडलं. मालक मुंबईचे, गणपतीला आणि शिमग्याला येणारे. किल्ली घ्यायला त्यांचे मेव्हणे आले. त्यांनी सगळी खोली शांतपणे पाहिली आणि शेवटी लोखंडी कपाट हाताने पुढे ओढलं. मागची भिंत खालपासून कमरेइतक्या उंचीपर्यंत हिरवट काळी. रंगाचे पापुद्रे सुटून त्यांच्या कडा वर वळलेल्या. त्यांनी बोट टेकवलं तर गिलावा रव्यासारखा खाली झरला. ते काही बोलले नाहीत, फोनवर फोटो काढला. चार दिवसांनी तीस हजारांच्या डिपॉझिटमधले सोळा हजार माझ्या खात्यात आले.

त्या भिंतीच्या पलीकडे पन्हळ फुटली होती. सगळा पावसाळा पागोळीचं पाणी त्याच ठिकाणी आपटत होतं. जून-जुलैमध्ये मी मालकांना तीनदा फोन करून सांगितलं होतं. पण फोनवरचं बोलणं दाखवणार कसं? एकदा, एकच फोटो काढून "काका, पन्हळ फुटली आहे, भिंत भिजते आहे, दुरुस्त करून द्या" एवढं लिहून पाठवलं असतं, तर चौदा हजारांची गोष्टच निघाली नसती. मी बँकेत दिवसभर लोकांना "लेखी द्या" म्हणून सांगणारी बाई, आणि घरी तेच केलं नाही.

तेव्हापासून मी सगळ्यांना पहिली गोष्ट हीच सांगते. ओल, गळती, वाळवीची रांग, जे दिसेल ते त्याच दिवशी फोटोसकट मालकांना कळवा. ह्यात मालकाचंही भलं आहे. वाळवीची मातीची रेघ चौकटीवर दिसूनही भाडेकरू सहा महिने गप्प राहिला आणि चौकट पोकळ झाली, तर त्यातला काही वाटा भाडेकरूचा आहे असं मी मानते. कळवलं असतं तर शे-दोनशे रुपयांच्या औषधात काम झालं असतं.

छत, कौलं, पन्हळ, बाहेरची भिंत ही मालकाची जबाबदारी. पावसाआधी शाकारणी करून घेतली नाही आणि कौलातून पाणी ठिबकून आतला पलंग कुजला, तर त्याचे पैसे भाडेकरूकडून मागता येणार नाहीत. भाडे नियंत्रण कायद्याचं कलम १४ भाडेकराराच्या घरांत दुरुस्तीची जबाबदारी मालकावर टाकतं. लिव्ह अँड लायसन्स असेल तर "बाहेरची व छताची दुरुस्ती मालक करतील" हे करारातच लिहून घ्यावं, म्हणजे अर्थ लावत बसायला नको.

घरात दोरी बांधून चार महिने कपडे वाळवले आणि छताला बुरशी धरली, तर? हा प्रश्न मला दोन्ही बाजूंनी विचारला गेला आहे. कोकणात जुलैमध्ये कपडे घरातच वाळतात, दुसरी जागाच नसते. माझं मत असं की बुरशी पुसून भिंत साफ करून देणं भाडेकरूचं काम, पण त्यावरून खोली रंगवून मागणं जास्तीचं. खोली वर्षभर बंद ठेवून, खिडकी एकदाही न उघडता वापरली असेल तर मात्र गोष्ट वेगळी.

आणि आवरता न येणारी शक्ती म्हणजे काय, ते कोकणाला समजावून सांगायला नको. ३ जून २०२० चं निसर्ग चक्रीवादळ, ज्यात श्रीवर्धन-दिवेआगर पट्ट्यात पत्रे आणि कौलं उडाली. २२ जुलै २०२१ चा चिपळूणचा पूर, ज्यात वाशिष्ठीचं पाणी लोकांच्या पहिल्या मजल्याला लागलं. अशा वेळी फुगलेल्या दारांचे पैसे भाडेकरूच्या डिपॉझिटमधून कापणं ना कायद्यात बसतं ना माणुसकीत.

"रंगाचे पैसे तर सगळेच कापतात"

कापतात खरे. पण "सगळे कापतात" हे कारण होत नाही. आधी करार बघा. "घर सोडताना रंगकामासाठी अमुक रक्कम" असं स्पष्ट लिहून दोघांनी सही केली असेल तर ते ठरलेलं आहे, ते द्यावं. काहीच लिहिलं नसेल तर नुसत्या जुन्या झालेल्या रंगाचे पैसे मागता येत नाहीत, कारण ती झीज.

मुलाने भिंतभर खडूने रेघोट्या मारल्या, म्हणजे नुकसान झालंच आहे, तेव्हाही रंगाचं वय धरा. आतल्या रंगाला साधारण पाच वर्षं आयुष्य धरलं आणि तो तीन वर्षांचा झाला असेल, तर त्याचा निम्म्याहून जास्त भाग आधीच वापरून झालेला आहे. खोली रंगवायला १०,००० खर्च आला तर भाडेकरूकडून ४,००० घेणं रास्त. हे कायद्यातलं सूत्र नाही, पण दोघांना पटण्यासारखं आहे, आणि मी माझ्या घरात हेच वापरते. दहा वर्षांचा जुना पंखा जळला म्हणून नव्या पंख्याचं बिल डिपॉझिटला लावणं तसंच चुकीचं.

"करारात लिहिलंय, मुदतीआधी सोडलं तर डिपॉझिट जप्त"

ह्याला लॉक-इन म्हणतात: अमुक महिने घर सोडायचं नाही. ती अट ठेवायला हरकत नाही. नोटीस न देता कुणी निघून गेलं तर मालकाचं एक-दोन महिन्यांचं भाडं बुडतं, हे खरं नुकसान आहे. पण भारतीय करार अधिनियम, १८७२ चं कलम ७४ म्हणतं की करारमोडीसाठी आधी एखादी रक्कम ठरवून ठेवली असली तरी त्या मर्यादेत वाजवी भरपाई तेवढी मिळेल. सर्वोच्च न्यायालयाने १९६३ मध्ये फतेहचंद विरुद्ध बालकिशन दास ह्या खटल्यात आणि २०१५ मध्ये कैलाशनाथ असोसिएट्स विरुद्ध दिल्ली विकास प्राधिकरण ह्या खटल्यात हे तत्त्व उलगडून सांगितलं आहे. ते खटले जमिनीच्या व्यवहारांचे होते, पण कलम सगळ्या करारांना आहे. म्हणून एक महिना आधी घर सोडल्याबद्दल सहा महिन्यांचं डिपॉझिट गिळून टाकणं कोर्टात टिकवणं मालकाला कठीण जाईल, विशेषतः पंधरा दिवसांत त्याला नवा भाडेकरू मिळाला असेल तर.

"नवीन भाडेकरू आला की देतो"

ही सगळ्यांत जास्त ऐकू येणारी ओळ. मालक वाईट असतात असं नाही. डिपॉझिटचे पैसे मुलीच्या कॉलेजच्या फीत गेलेले असतात, नाहीतर आंब्याच्या फवारणीत. पण ज्या क्षणी ते खर्च केले त्या क्षणी मालकाने भाडेकरूकडून बिनव्याजी उसने घेतले, असा त्याचा अर्थ. उसने फेडायला तिसऱ्या माणसाची वाट बघायची सोय नसते. करारात तशी अट नसेल तर नव्या भाडेकरूचा आणि जुन्याच्या परताव्याचा काही संबंध नाही. मी मालक म्हणून एकच करते: डिपॉझिट आलं की त्याच दिवशी वेगळ्या मुदत ठेवीत टाकते. व्याज मला मिळतं, आणि घर रिकामं होताना माझा हात दगडाखाली नसतो.

"मग शेवटचे महिने भाडंच देत नाही, डिपॉझिटमधून वळतं करा"

भाडेकरूंची ही युक्ती मालकाला सगळ्यांत जास्त खुपते. डिपॉझिट भाड्यात संपलं की नुकसानीला आणि बिलाला हाताशी काहीच उरत नाही. मालकाने लेखी मान्य केलं तरच करावं.

त्याहून मोठी चूक म्हणजे "पैसे मिळेपर्यंत किल्ली देणार नाही" म्हणून अडून बसणं. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ नुसार परवान्याची मुदत संपल्यावरही राहत्या घराचा ताबा सोडला नाही, तर सक्षम प्राधिकारी (ह्या कामासाठी सरकारने नेमलेला अधिकारी) घर खाली करून देऊ शकतो आणि तोवरच्या काळासाठी ठरलेल्या शुल्काच्या दुप्पट दराने भरपाई लागू शकते. चाळीस हजारांसाठी अडून बसायचं आणि महिन्याला सोळा हजारांचं ओझं डोक्यावर घ्यायचं, ह्यात काय हशील? मुदत संपायच्या आठ दिवस आधी मालकांना बोलवा, दोघांनी मिळून घर बघा, कापायची रक्कम तोंडी नको, कागदावर ठरवा, आणि शेवटच्या दिवशी किल्ली आणि पैसे एकाच वेळी एकमेकांच्या हातात पडतील असं करा. आता फोनवरून पैसे दोन मिनिटांत जातात. मालक मुंबईत असले तरी अडत नाही.

मालकाची धास्ती: लाईटबिल

मालक पैसे धरून ठेवतात त्याला एक खरं कारण असतं. महावितरणचं मीटर मालकाच्या नावावर आणि शेवटच्या महिन्याचं बिल भाडेकरू गेल्यावर येतं. पाणीपट्टीचंही तसंच. मे महिन्यात दिवसरात्र पंखे आणि एसी चाललेले असतात, बिल दुप्पट येतं आणि भाडेकरू तोवर सांगली-कोल्हापुरात.

ह्याला उपाय सोपा. घर सोडायच्या दिवशी मीटरच्या आकड्यांचा फोटो दोघांच्या फोनमध्ये. शेवटच्या बिलातला आकडा वजा करा, युनिट निघतात, त्यावरून अंदाजे रक्कम. १,२०० येत असेल तर १,५०० ठेवून बाकीचं डिपॉझिट त्याच दिवशी परत, आणि बिल आल्यावर उरलेलं. दीड हजाराच्या बिलासाठी चाळीस हजार दोन महिने अडकवून ठेवायचं काही कारण नाही.

कापलेल्या प्रत्येक रकमेला बिल जोडावं. "साफसफाई व इतर ६,०००" असा आकडा पुरेसा नाही. प्लंबरचं बिल, काचवाल्याची पावती, रंगाच्या दुकानाचं बिल, जे असेल ते. पैसे कापणाऱ्याने ते का कापले हे दाखवायचं असतं.

एवढं करूनही दिले नाहीत तर

आधी लेखी मागणी करा. साधं मराठीत लिहा: अमुक पत्त्यावरचं घर, करार अमुक तारखेचा, डिपॉझिट एवढं, अमुक दिवशी रिकामं करून किल्ली कुणाच्या हातात दिली, कापण्यासारखं एवढं मला मान्य आहे, उरलेली एवढी रक्कम पंधरा दिवसांत ह्या खात्यावर जमा करावी, नाहीतर त्या तारखेपासून व्याजासह मागणी करीन. व्याजाचा उल्लेख विसरू नका, लेखी मागणीच्या तारखेपासून कोर्ट व्याज मंजूर करू शकतं. फोनवर पाठवा आणि पोचपावती मिळेल अशा टपालानेही पाठवा. माझा अनुभव असा की निम्म्याहून जास्त प्रकरणं ह्या एका कागदावर सुटतात. रागावून पाठवलेले वीस आवाजी संदेश जे करत नाहीत ते हा कागद करतो.

पोलिसांकडे गेलात तर ते बहुधा "दिवाणी बाब आहे" म्हणतील, आणि ते बरोबर आहे. मालकाने धमकावलं किंवा सामान बाहेर फेकलं, तर मात्र तक्रार जरूर द्या.

कोर्टाच्या आधी तालुका विधी सेवा समितीची पायरी आहे. तालुक्याच्या न्यायालयाच्या आवारातच ती असते. दावा दाखल करण्याआधीच प्रकरण लोकअदालतीपुढे ठेवता येतं. मालकाला तिथून नोटीस गेली की बोलणी सुरू होतात. तडजोड झाली तर तिला दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याची ताकद असते आणि तिच्यावर अपील नाही. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ नुसार स्त्रियांना, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तींना, औद्योगिक कामगारांना, आपत्तीग्रस्तांना मोफत वकील मिळू शकतो. बाईचं उत्पन्न किती हे त्यात बघत नाहीत. लोटे परशुरामच्या कारखान्यांतल्या कामगारांनी आणि एकट्या राहणाऱ्या नोकरदार मुलींनी ह्याचा उपयोग करून घ्यावा असं मला मनापासून वाटतं. वीस-तीस हजारांसाठी कोण वकील लावणार, म्हणून त्या पैसे सोडून देतात.

तिथेही जमलं नाही तर दिवाणी दावा. त्याला मुदत तीन वर्षांची, पैसे देणं लागत झाल्यापासून. "बघू, पुढच्या गणपतीला काका येतील तेव्हा बोलू" करत तीन गणपती गेले की हक्क असूनही दार बंद होतं.

पुराव्याचं एक सांगते. फोनमधले संदेश आणि फोटो कोर्टात चालतात, पण १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे त्यासोबत प्रमाणपत्र जोडावं लागतं. म्हणून मूळ संदेश पुसू नका, फोन बदलताना जुना जपून ठेवा. डिपॉझिट देताना ऑनलाइन पाठवा आणि शेऱ्यात "घराचे डिपॉझिट" असं लिहा. रोख दिलं असेल तर पावती हवी. तीही नसेल तर ती रक्कम करारात नोंदवलेली तरी हवी.

मालक वारले किंवा घर विकलं तर

मालक वारले तर डिपॉझिट बुडत नाही. मालकाची मालमत्ता ज्यांच्याकडे गेली त्या वारसांनी त्या मालमत्तेच्या मर्यादेत ते द्यायचं. चारी भाऊ मुंबईत आणि सातबाऱ्यावर सगळ्यांची नावं, असं आपल्याकडे नेहमीचंच. तेव्हा मागणीचं पत्र सगळ्यांना पाठवा, एकालाच नको.

घर विकलं तर जास्त सावध राहावं लागतं. लायसन्स ही जुन्या मालकाने दिलेली परवानगी, नवा मालक तिने आपोआप बांधला जात नाही. विक्रीची कुणकुण लागली की लगेच जुन्या मालकाकडे डिपॉझिट मागा, नाहीतर "डिपॉझिट मला मिळालं असून ते मी परत करीन" असं नव्या मालकाकडून लेखी घ्या.

आमची वही

सावंतवाडीच्या घरात ह्या जूनला नवी मंडळी आली. ओरोसच्या रुग्णालयात नोकरीला असलेली मुलगी आणि तिचे आईवडील. सामान आत जायच्या आधी तिला म्हटलं, बाई, दहा मिनिटं थांब. मी आणि तिचे वडील खोलीखोलीत फिरलो. पंखे तीन, ट्यूब पाच, त्यातली माजघरातली उशिरा लागते. मागच्या दाराची खालची फळी कुजायला लागलेली, तसंच लिहिलं. मोरीतली एक टाईल आधीच तडकलेली. मीटरचा आकडा. मग माझं जुनं लोखंडी कपाट होतं, ते आम्ही दोघांनी ओढून पुढे घेतलं आणि मागच्या भिंतीचा फोटो काढला. जोत्यापासून वीतभर फिकट डाग होता. तिच्या वडिलांनी वहीत लिहिलं, "कपाटामागे ओल, एक वीत," आणि खाली दोघांनी सही केली. कपाट पुन्हा भिंतीला लावलं नाही, चार बोटं जागा सोडून उभं केलं, पावसात मागून वारा फिरावा म्हणून.